ठोंब्याच्या नावावर एक दिवस

४ मार्च, बुधवार

चिंगी पुन्हा पडली! या वेळी जिन्यात. शेवटच्या तीन पायऱ्या गडगडत आली, कोपर फुटलं. डोळे उघडून मलाच विचारते, "आई, मी इथे कशी?" सोळा वर्षांची घोडी, पण तोंड चार वर्षांच्या पोरीसारखं झालं होतं.

डॉक्टरांचं तेच — "या वयात मुलींना येते चक्कर. खाऊपिऊ घाला." हृदयाचा आलेख काढला, अर्ध्या मिनिटाचा. म्हणे व्यवस्थित आहे. अहो, अर्ध्या मिनिटात काय कळतं? अकरा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे मी. आमचा ठोंब्या, बॉक्सर कुत्रा, अर्ध्या मिनिटात तोही ठणठणीत होता! चोवीस तासांचं यंत्र छातीला बांधलं तेव्हा सापडलं. हृदयाच्या स्नायूतच खोट, आईबापाकडून आलेली. मध्येच ठोके उधळतात आणि कुत्रं धाडकन खाली.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या, "माणसांतही असतं हे. अगदी असंच." मी कात्र्या-चिमटे उकळत होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

५ मार्च, गुरुवार

मोठ्या इस्पितळात जाऊन आले. चोवीस तासांच्या यंत्राला नंबर — सात आठवड्यांनी! खिडकीतली बाई म्हणते, "तोवर दगदग नको, जिने टाळा." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पोरीने उडत यायचं का घरी?

७ मार्च, शनिवार

नवऱ्याशी भांडले. कडाकडा भांडले. "तुमच्या घराण्याचं आहे हे! धाकटे भाऊजी एकोणतिसाव्या वर्षी बसल्या जागी गेले, कुणी विचारलं कशाने?"

"त्याला ताप होता गं," एवढंच म्हणाले.

मी कुठली थांबते! म्हटलं, आमच्याकडे बघा, आहे का कुणाला काही? माझे वडील, आप्पा, झोपेत गेले, अंगावरची चादरसुद्धा विस्कटली नव्हती. सगळे म्हणाले, असं मरण यायला भाग्य लागतं.

हे उठले, ठोंब्याला घेऊन फिरायला गेले. वाईट वाटलं. पण बोललेलं मागे घेता येतं का?

८ मार्च, रविवार

झोपलेल्या चिंगीच्या छातीवर दहादा हात ठेवून पाहिला. अकराव्यांदा ओरडली, "आई, जा ना!"

१० मार्च, मंगळवार

शेवटी मॅडमना विचारलं. यंत्र कपाटात पडून आहे, एक दिवस लावू द्या ना तिला. मॅडमनी चष्मा काढला. "अगं बाई, माझी सही कुत्र्यामांजरांपुरती. माणसाला लावलं तर उद्या दवाखान्याला कुलूप." ओळखीत विचारते म्हणाल्या. हात जोडले. लसींच्या फ्रिजसमोर उभी राहून रडलेसुद्धा. नाही म्हणजे नाही.

१२ मार्च, गुरुवार

केलं!

दवाखान्याच्या वहीत लिहिलं — ठोंब्या, बॉक्सर, नर, फेरतपासणी. मॅडम म्हणाल्या, "ने, बघू गोळ्या लागू पडतायत का." माझी जीभ कशी झडली नाही?

चिंगी बिथरली. "कुत्र्याचं यंत्र? शी! शॉक बसला तर? आधी तू घालून दाखव!" काय करता! घातलं. चिकटपट्ट्या छातीवर, डबी कमरेला. पाच ते सहा. तेवढ्या वेळात फरशी पुसली, खालून दोन बादल्या पाणी वर आणलं. "बघ, आहे ना आई जिवंत?" तेव्हा कुठे हसली. मग नव्या पट्ट्या लावून तिला बांधलं. डबी तासातासाचे ठोके टिपते, चोवीसातला एक तास माझ्यावर फुकट गेला. जाऊ दे. ठोंब्या तिच्या कमरेला हुंगत बसलाय. त्याची वस्तू ना!

१३ मार्च, शुक्रवार

यंत्र परत दिलं. उद्या कळेल. देवा, काहीतरी सापडू दे, असं मागतेय मी! कुठली आई असं मागते? पण सापडलं तर इलाज आहे. गोळ्या आहेत. उधळलेलं हृदय धक्का देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र छातीत बसवतात म्हणे. आणि न सापडताच गेली तर?

१४ मार्च, शनिवार

मॅडमनी दार लावून घेतलं. "कुत्र्याचे ठोके श्वासागणिक मागेपुढे होतात. हे घड्याळासारखे पडतायत. हा ठोंब्या नाही."

चिंगीला बांधलं होतं, कबूल केलं. वाटलं, आता हाकलतील. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मूर्ख आहेस. बस." मग म्हणाल्या, "तेवीस तास साफ आहेत. म्हणून पोरगी सुटली असं समजू नकोस, एका दिवसात सगळं दिसत नाही. पण हा पहिला तास बघ." चारशे दहा वाकडे ठोके. एकदा तर सलग नऊ! "पाच ते सहा काय करत होती ती?"

पाच ते सहा यंत्र चिंगीच्या अंगावर नव्हतंच.

"फरशी पुसत होते," मी म्हटलं.

१५ मार्च, रविवार

यांना सांगितलं. वाटलं, आता उट्टं काढतील. यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली.

आप्पा गेले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. मी जूनमध्ये सत्तेचाळीसची होईन.

मॅडमनी शब्द टाकून उद्याचा नंबर मिळवलाय. दोघींचा. चिंगीला वाटतंय, मी तिच्या सोबतीला येतेय.