दुसरा खिळा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी लिहायला बसलोय ते जांघेतल्या गजकर्णाबद्दल. हसायचं तर हसा. नव्वद सालाच्या आसपास मी कॅम्प पाचमध्ये जीन्स धुण्याच्या कारखान्यात लागलो होतो. दिवसभर कमरेखाली ओला, आणि अंगात तीच घट्ट जीन्स, शेठने फुकट दिलेली म्हणून. खाज सुटली तेव्हा लाजेपायी कुणाला बोललो नाही. शहाडच्या औषधवाल्याकडून गुपचूप ट्यूब आणायची, चार दिवसांत आराम पडला की सोडून द्यायची, की पंधरवड्यात दुप्पट पसरलेलं. पावसात माझा टॉवेल वाळायचा नाही, म्हणून मोरीतल्या खिळ्यावरचा तुमचाच ओढायचो.

एका सकाळी अंबरनाथच्या आपल्या खोलीत तुम्ही विचारलंत, "असा फेंगडा का चालतोस रे?" तुम्ही मला सरळ बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत माझं तोंड उघडेना, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "मलाही आहे, बाई. पंधरा दिवस झाले. माझ्याच टॉवेलाने पोराला लागलं." तुम्हालाही आहे, हे मला तिथे कळलं. मला तर चार महिने झाले होते. ते मी बाईंना सांगितलं, पण तुम्ही बाहेर गेल्यावर, हळूच. बाईंनी दोघांनाही झापलं होतं. टॉवेल वेगळे, चड्ड्या सैल, सुती आणि उन्हात कडक वाळवलेल्या, अंग नीट कोरडं करून मगच कपडे, आणि खाज थांबली तरी सांगितले तितके दिवस मलम लावायचंच. घरी येऊन तुम्ही मोरीत दुसरा खिळा ठोकलात. मग रोज सकाळी तुमची हाक, "लावलंस का रे?" तेव्हा वैताग यायचा. आता ती हाक ऐकायला जीव तुटतो.

दोघेही बरे झालो, पण तुमच्या मनातून ते गेलं नाही. पुढे माझी मुलगी अंघोळ करून ओलीच तुमच्याकडे धावायची आणि तुम्ही हात मागे घ्यायचात. "आईकडे जा पुसायला, माझा टॉवेल नको." मी तिथेच उभा असायचो. एका वाक्याचं काम होतं, बाबा. तुमच्यामुळे मला नाही, माझ्यामुळे तुम्हाला झालं होतं.

हा कागद पाठवणार तरी कुठे? मुलगी अजून म्हणते, आजोबांनी लाड खूप केले, पण जवळ कधी घेतलं नाही. तिलाही मी सांगितलेलं नाही.