ओला टॉवेल

३ मार्च
दुसरा मजला, दोन खोल्या. बाई ओट्याखाली पडलेली. गळा आवळलेला, अंगावर जखम कुठेच नाही. आधी दारातून फोटो, मग चारी कोपऱ्यांतून, मग मोजपट्टी ठेवून जवळून. फरशी धुतलेली. सिंकच्या कडेला टॉवेल — ओला, रक्ताचा. म्हणजे रक्त मारणाऱ्याचं. एवढा एकच पुरावा!

तिचा नवरा जिन्यात बसलेला. बोटाला पट्टी. म्हणे डबा उघडताना कापलं. डोळ्यांत टिपूस नाही. मला विचारतो, "तिच्या अंगावर चादर घालू का?" नाटकी मेला.

कागदी पिशव्या संपल्या होत्या. साहेब म्हणाले, "टॉवेल घाल प्लॅस्टिकमध्ये. ऑफिसात गेल्यावर वाळत टाक." घातला.

४ मार्च
धाकटीला ताप. रजा.

८ मार्च
टॉवेल! आंघोळ करताना आठवला. तशीच ऑफिसला धावले. पिशवी आतून घामेजलेली, उघडली तर कुबट वास आणि काळी बुरशी. ओलं कधी प्लॅस्टिकमध्ये बांधू नये, हे नव्या लोकांना मीच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

साहेबांनी दार लावून घेतलं. "नोंदीत कागदी लिही. नोकरी घालवायचीय का?"

लिहिलं.

२९ मार्च
प्रयोगशाळेचा अहवाल — नमुना कुजलेला, रक्त कुणाचं ते सांगता येत नाही. नवरा कोठडीतच. मयताची आई आली होती. माझा हात धरून म्हणाली, "ताई, तो सुटणार नाही ना?" नाही म्हटलं. सुटला तर माझ्यामुळे सुटेल. घास उतरला नाही.

११ ऑगस्ट
साक्ष झाली. वकिलाने विचारलं, टॉवेल कशात ठेवला होता? "कागदी पिशवीत." शपथेवर सांगितलं. मग चादरीचंही सांगितलं, वर तिखटमीठ लावून — पुरावा झाकायला निघाला होता म्हणून. तो आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता. मी पाणी मागितलं.

२ सप्टेंबर
जन्मठेप. मयताची आई गळ्यात पडून रडली. माझा जीव भांड्यात पडला. कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले, आणि माझ्या नवऱ्याला म्हटलं, चूक निस्तरली.

१९ जानेवारी
तीच इमारत, तिसरा मजला. एकटी राहणारी शिक्षिका. गळा आवळलेला, फरशी धुतलेली. साहेब माझ्याकडे बघेनात.

२१ जानेवारी
इमारतीचा रखवालदार पकडला. दोन्ही खून कबूल केले. पहिलीने हाताला कडकडून चावा घेतला होता, म्हणाला. रक्त थांबेना म्हणून तिचाच टॉवेल घेतला.

मी तो वाळत घातला असता, तर पहिलीचा नवरा महिनाभरात सुटला असता, हा सापडला असता. शिक्षिका आज शाळेत असती.