साखरेची वंशावळ

२ तारीख, सोमवार
आले एकदाची! खोली छोटी, पण उजेडाची. केंद्रात बेचाळीस कुत्री, सगळी एकाच जातीची: तांबूस, लांब कानांची, दिसेल त्याचे हात चाटणारी. या जातीत मधुमेह फार. डॉक्टर त्यामागचं जनुक शोधतायत. मी रक्त तपासायचं. आम्हा दोघी बहिणींना लहानपणापासून साखर आहे म्हटल्यावर तर डॉक्टर खूशच झाले. धाकटीचीही चौकशी केली. माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या स्वतःच्या हातानं प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. देवमाणूस!

५ तारीख
कानाला सुई टोचायची, थेंब घ्यायचा, आकडा लिहायचा. शेवरी नावाची कुत्री अवघी चार वर्षांची, पण मोतीबिंदूनं आंधळी. पाण्याचं भांडं रिकामं करते आणि मग ते कोरडं भांडंच चाटत बसते. साखर साडेचारशे. तिच्या रांगेत एकालाही इन्सुलिन नाही. डॉक्टरांना जाब विचारला. म्हणाले, औषध दिलं तर रोग शेवटपर्यंत कसा जातो ते कळणार कसं? माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. ते शांतपणे वहीत काहीतरी टिपत होते.

८ तारीख
कुत्र्यांच्या वंशावळीचा तक्ता पाहिला. भाऊ-बहीण, त्यांची पिल्लं, पुन्हा भाऊ-बहीण. सहा पिढ्या! हा माणूस रोग शोधत नाही, पेरतोय. त्याच्या तोंडावर सांगितलं, मी जगभर बोंब मारीन. तडक निघणार होते, पण शेवरीला टाकून कशी जाऊ? आजपासून माझ्यातलं इन्सुलिन तिला चोरून देतेय.

१० तारीख
शेवरीची साखर उतरत नाही. माझीही नाही. घशाला सारखी कोरड, पेल्यामागून पेले पाणी. पिंजरे धुणाऱ्या मावशी बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्याआधीची पोरगी पण अशीच पाणी प्यायची गं." आणि बादली उचलून निघून गेल्या.

११ तारीख
बाटली हुंगली. इन्सुलिनचा तो औषधी वास नाहीच. पाणी. नुसतं पाणी भरलंय मेल्यानं! फोन कालच "दुरुस्तीला" नेला. फाटकाला कुलूप.
दुपारी शेवरी गेली. माझ्या मांडीवर.

१२ तारीख
त्याचा खण उचकटला. दुसरा तक्ता. माणसांचा. आधीच्या पोरीच्या नावावर काट. खाली मी. माझ्याशेजारी, रेघ ओढून — धाकटी. तिला नेमणूकपत्र गेलंय. उद्या येतेय.
त्याच्या अंगावर धावून गेले. पायांत जीवच — फरफटत आणून खोलीत कोंडलं.

१३
ओकाऱ्या. अक्षर नीट —
गाडी आली. धाकटी उतरली. हसतेय वेडी. मी काच बडवतेय, तिला वाटलं मी हात करतेय. तिनंही केला.
हात लावू नकोस तिला, नीचा —
खुर्ची उचलत नाही. नाही तर नाही. काच डोक्यानं फो