डॅडींच्या पिस्तुलाचं मॅगझिन

टल्सा, रविवार

प्रिय डॅडी,

पार्सल नीट पोचलं. मी मजेत आहे, बेकरीतलं काम आता अंगवळणी पडलंय. मम्मीचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नका तिला.

तुम्ही पाठवलेलं गोळ्यांचं मॅगझिन काल नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तुमचं पिस्तूल आणि माझं छोटं, दोन्ही एकाच कंपनीची, गोळीही तीच, म्हणून मी निर्धास्त होते. आत तर गेलं, पण पहिली गोळी झाडताच निसटून पायाशी पडलं!

तिथे शिकवणाऱ्या ओपलबाई हसल्या. "अगं पोरी, आडनाव एक असलं म्हणून सख्खे भाऊ होत नाहीत. जुन्या मॉडेलच्या मॅगझिनची अडकवायची खाच वेगळ्या जागी असते."

त्यांनी माझ्या पिस्तुलाला बसणारं, पंधरा गोळ्यांचं लांब मॅगझिन दिलं. ते छान बसलं, पण मुठीखाली बोटभर बाहेर येतं आणि पिस्तूल शर्टाखाली लपवलं तरी वरून कळतं. म्हणून माझं दहाचंच ठेवलंय.

घटस्फोट झाला तरी डेरिल परवा पुन्हा बेकरीसमोर गाडी लावून बसला होता. मम्मीला सांगू नका.

दहा पुरतील की पंधरा हव्यात, याचाच घोर तुम्हाला लागलाय, हे कळतं मला. पण डॅडी, आता मॅगझिन, गोळ्या काही नका पाठवू. डेरिलला माझ्यापासून लांब ठेवायच्या अर्जाची गुरुवारी कोर्टात सुनावणी आहे. तो समोर बसलेला असेल. तुम्ही येऊन माझ्या शेजारी बसाल का?

तुमची वाट बघणारी,
कोरीन