लाल शेपट्या फ्रिजमध्ये

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. स्मरणशक्तीवर संशोधन करणाऱ्याला खरं तर लागत नाही. पण पुढे चरित्रकाराची सोय.

दोन वर्षांच्या तयारीनंतर प्रयोग सुरू. अर्ध्या उंदरांना माझं औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. एका गटाच्या शेपटीला लाल खूण, दुसऱ्याच्या निळी. भुलभुलैयातली वाट कोणाच्या लक्षात राहते, ते माझी विद्यार्थिनी बघणार. कोणत्या रंगाला औषध, हे तिला कळता कामा नये. नाहीतर निकाल तिच्या मनासारखा लागायचा. जमलं तर मला बड्या जर्नलमध्ये पेपर, तिला पीएचडी.

रंगांचं हे गुपित पाकिटात सील करून ऑफिसात ठेवायचं, असा नियम आहे. हसू आलं. उभी हयात मेंदूत घालवली, आणि पाकीट? जुनी युक्ती केली. मनातल्या मनात घरात फिरायचं आणि एकेक गोष्ट ठेवत जायची. लाल शेपट्या फ्रिजमध्ये, निळ्या गॅसवर. आता मरेपर्यंत विसरणं नाही.

१० फेब्रुवारी
विद्यार्थिनीने विचारलं, सर, पाकीट ऑफिसात दिलंत ना? म्हटलं, त्याहून सुरक्षित जागी आहे, आणि डोक्याकडे बोट दाखवलं. तिचा चेहरा पडला. या पिढीचा मेंदूवर विश्वासच नाही.

२ मार्च
जेवताना उजळणी. लाल फ्रिजमध्ये, निळ्या गॅसवर. बहुतेक मोठ्याने झाली. बायको ताट उचलून बाहेरच्या खोलीत गेली.

१४ एप्रिल
जिंकलो! निळे उंदीर भुलभुलैया डोळे मिटून पार करतात. लाल कोपऱ्यात बसून राहतात, मीटिंगमधल्या आमच्या विभागप्रमुखांसारखे. विद्यार्थिनी म्हणाली, सर, आता तरी सांगा, निळ्यांना काय दिलं होतं?

डोळे मिटले. घरात शिरलो. लाल फ्रिजमध्ये, निळ्या गॅसवर. अगदी लख्ख.

फक्त, फ्रिज म्हणजे औषध की गॅस म्हणजे औषध?

तिला म्हटलं, उद्या सांगतो. थोडा सस्पेन्स हवा.

१५ एप्रिल
रजा. औषधं फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे फ्रिज. पण मेंदू पेटवायचा होता, म्हणजे गॅस. पण मीठही गॅसशेजारीच असतं. बाटल्यांची लेबलं मीच खरवडली होती, निःपक्षपातीपणासाठी. फ्रिज उघडून बराच वेळ उभा होतो. बायको म्हणाली, बघत काय बसलात, दूध संपलंय, घेऊन या.

१८ एप्रिल
आठवलं! निळ्यांनाच औषध! औषध देतानाचा तो दिवस: बाहेर ऊन, माझ्या अंगात करडा शर्ट, बाहीवर निळा डाग. इतकं बारीकसारीक आठवतंय म्हणजे खरंच असणार. पेपर लिहायला घेतला.

विद्यार्थिनी म्हणाली, सर, हे तुम्हाला निकाल बघितल्यावर आठवतंय. म्हटलं, योगायोग. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाश्रू असावेत.

२० एप्रिल
बायको म्हणाली, करडा शर्ट माझ्या भावाने तुम्हाला मार्चमध्ये दिला. फेब्रुवारीत कुठून घातलात? म्हटलं, दुसरा करडा असेल. तिने कपाट उघडून दाखवलं. कपाट म्हणजे काही शास्त्रीय पुरावा नव्हे.

२५ एप्रिल
प्रयोग तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने पाकीट मागितलं. डोक्याकडे बोट दाखवलं. कोणी हसलं नाही. शर्टाचं सविस्तर सांगितलं. शेजारच्या लॅबच्या मॅडम तेवढ्या भराभर टिपून घेत होत्या. बाकीच्यांना कदर नाही. प्रयोग बाद. विद्यार्थिनी आता मॅडमकडे पहिल्यापासून सुरुवात करणार. जाताना म्हणाली, दोन वर्षं गेली सर माझी. हे मात्र लागलं. जेवण गेलं नाही.

९ जून
मॅडमचा फोन! त्या खोट्या आठवणींवर काम करतात. सोयीचं तेवढंच, पण इतकं रंगवून आठवणारा सुशिक्षित माणूस त्यांना आजवर मिळाला नव्हता म्हणे. माझ्या शर्टावर अख्खा पेपर होतोय. त्याच बड्या जर्नलमध्ये! शेवटी गुणांची कदर झालीच.

विचारलं, माझं नाव पहिलं की शेवटचं? म्हणाल्या, नाव नाही छापता येणार, सर. ज्यांच्यावर अभ्यास होतो, त्यांचं छापत नाहीत. उंदरांचं तरी कुठे छापतो आपण?