पिवळ्या पेशीची अक्कल

२ जून
संकल्प: एकटी पेशीसुद्धा बुद्धिमान असते, हे सिद्ध करणार. कॉलेजात विषय काढला तर स्टाफरूम हसली. विभागप्रमुख बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, शनिवारी दाखवा. पटलं तर मागची रिकामी खोली तुमची प्रयोगशाळा. म्हणजे खोली मिळालीच. पडद्यांचा रंग ठरवला.

३ जून
स्लाइम मोल्ड नावाचा बुरशीसारखा जीव मिळवला. पिवळा, बुळबुळीत; सगळा देह म्हणजे एकच पेशी. मेंदू नाही, तरी अन्नाची वाट शोधते. खोक्यात पुठ्ठ्याचा चक्रव्यूह केला, टोकाला ओट्स. (ओट्सचा डबा सापडेना. बायकोनं काढून हातात दिला. नाकासमोर होता म्हणे.) खोली मिळेपर्यंत खोकं स्वयंपाकघराच्या फळीवर. बायकोला पटवलं. म्हणजे ती काही बोलली नाही.

४ जून
पेशी जागची हलत नाही. विचारात असावी.
प्रोत्साहन म्हणून वर टेबललॅम्प लावला. स्टाफरूममधले शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, तिला उजेड सोसत नाही. त्यांचाही त्या खोलीवर डोळा आहे. पोटदुखी, दुसरं काय! जास्त वॅटचा बल्ब आणला.

६ जून
भाषण पाठ झालं. शीर्षक: ‘पेशीला कळतं, तुम्हाला कळतं का?’ बायको म्हणाली, दुसरा भाग गाळ. गाळला नाही.

७ जून, सकाळी
चक्रव्यूह रिकामा. पेशी गायब. ओटा, सिंक, पायपुसणंसुद्धा पाहिलं. बायकोला उठवलं नाही; तिला लगेच सापडली असती आणि मग जन्मभर ऐकावं लागलं असतं.

थोड्या वेळानं
मार्ग निघाला. फ्रिजमध्ये कालचं कस्टर्ड आहे. रंग अगदी तोच. ही फसवणूक नव्हे, हे मॉडेल. चमच्यानं सर्वांत जवळच्या वाटेनं पसरलं. माझ्या पेशीनं तरी वेगळं काय केलं असतं?

दुपारी
भाषण रंगलं. बाईंनी भिंग मागितलं. मग नाक जवळ नेलं. म्हणाल्या, व्हॅनिला. शेजारच्या सरांनी चमचा मागितला.
खोली त्यांना मिळाली.

संध्याकाळी
बायकोनं ओट्सचा डबा समोर ठेवला. आत माझी पेशी, ऐसपैस पसरलेली. दिव्याला कंटाळून खोक्याबाहेर पडली, फळी ओलांडली, सैल झाकणाच्या फटीतून आत शिरली. अंधारही मिळाला, जेवणही. कुणाला न विचारता. फार आनंद झाला आणि रडूही आलं.
बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, पेशी हुशार आहे, मान्य. सोमवारी घेऊन या. सर त्यांच्या खोलीत तिला अंधारा कोपरा देतील. मी विचारलं, आणि माझं काय? म्हणाल्या, डबा सांडू नका.

८ जून
उद्या डबा न्यायचा आहे. फळीवर दिसत नाही. बायको उठली की विचारतो.