हंगामातली पांढरी गाडी

७ डिसेंबर, रविवार
आईकडे जाऊन आले. साखर कारखाने सुरू झाले, त्यामुळे कागलच्या पुढे रस्ता म्हणजे नुसता राडा. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे मी. त्याला मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाणी मात्र अख्ख्या शिवाराला ऐकू जावीत एवढ्या आवाजात. वळणावर कारखान्याच्या मळीचा टँकर ठिबकत चाललेला. ती काळी चिकट मळी चाकांना, दारांना, सगळीकडे. वर रानातून आलेल्या चाकांचा चिखल. या रस्त्यावर पांढरी गाडी न्यायची म्हणजे वेडेपणा. पण ह्यांनी पांढरीच घेतली. म्हणायचे, घाण दिसली की माणूस धुतो. धुवायचेही स्वतःच. दर रविवारी, दोन बादल्या, मऊ फडकं, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.
हे जाऊन दोन वर्षं झाली. आता मी धुते. चिडचिड करत, पण धुते.

८ डिसें.
ऑफिसच्या आधी पार्किंगमध्ये गाडी धुतली. दारांना परतीचा चिखल होता, पण त्याच्याखालची, जाताना लागलेली मळी आधीच निघालेली! मागच्या खेपेलाही असंच. म्हणजे गावात कुणीतरी पुसतंय. बाळूशिवाय कोण असणार? धाकटा भाऊ आहे, पण कामाची पद्धत म्हणजे... मिळेल ते फडकं घेतो आणि वाळक्या चिखलावर फिरवतो. उजव्या दाराला गोल गोल ओरखडे. उन्हात उभं राहून बघितले आणि डोकंच फिरलं.

१० डिसें.
बाळूला फोन.
मी : माझ्या गाडीला हात लावू नकोस.
तो : मी कशाला लावू आक्का? मला काय दुसरी कामं न्हाईत?
मी : मग पुसतं कोण?
तो तिकडं म्हशीवर उगाच ओरडला. मग, "आसंल कोनतरी."
असंल कोनतरी! घर त्याचं, अंगण त्याचं, अंगणात बांधलेल्या म्हशी त्याच्या. आणि गाडी पुसणारं भूत.

१३ डिसें., शनि.
इस्माईल मिस्त्रींच्या गॅरेजला. ह्यांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याकडेच. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलाय, तो दाखवला. त्यांनी नख लावलं तर पापुद्राच हातात आला. आत लाल गंज.
"वहिनी, गाडी कोकनात असती काय?"
म्हटलं, हे गेल्यापासून गाडीनं समुद्र बघितलेला नाही.
ते खाली बसले. दाराच्या रबरात बोट घातलं आणि चक्क जिभेला लावलं. मला शिसारी आली. म्हणाले, "मीठ हाय ह्ये."
मी विचारलं, मळी खारट असते का? तर म्हणाले, "मी कुटं चाटलीया मळी?" आणि हसले. मला काही हसू आलं नाही.
पुढचं हसण्यासारखं नव्हतंच. दारं जातील, मग खालचा पत्रा जाईल. आणखी एक हंगाम असाच काढला तर गाडी ठेवण्यात अर्थ नाही म्हणाले. त्यांना गावाचा रस्ता माहीत आहे. "तिकडं जाणं जरा कमी करा," असं अगदी सहज सांगितलं. तिकडं माझी आई आहे, हे त्यांना कुठून माहीत असणार.

१४ डिसें., रवि.
तरी गेलेच.
जेवताना बाळूला गंजाचं सांगितलं. तो मान खाली घालून कालवून खात होता. शेवटी म्हणाला, "इकून टाक की मग. येस्टीनं ये. न्हाईतर मी येतो न्यायाला." विकून टाक म्हणे. जणू काय जुना पंखा आहे. ज्या सीटवर मी बसते ती अजून ह्यांच्या उंचीला लावलेली आहे. मी पाठीमागे उशी घेते, पण सीट पुढे ओढत नाही. हे त्याला काय सांगायचं? मी ताटावरून उठणारच होते. आईनं न विचारता भाकरी वाढली आणि म्हणाली, "गप जेवा दोघं."
जेवल्यावर नेहमीचं. "आडवी हो जरा, आटवडाभर मरमर मरतीस." आईकडे दुपारी मेल्यासारखी झोप लागते. इथे फ्लॅटमध्ये रात्रीसुद्धा लागत नाही तशी.
परत आले. नव्या चिखलाखाली दारं पुसलेली. परत!! फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. माझ्या नवऱ्याच्या गाडीची वाट लावलीस, म्हणाले. तुला ते डोळ्यासमोर नको होते, आता त्यांची गाडीपण नको, असंही म्हणाले. हे खोटं आहे, हे बोलतानाच कळत होतं.
बाळू म्हणाला, "बरं." फोन ठेवला.
उलट बोलला असता तर बरं झालं असतं.

२१ डिसें., रवि.
गेले नाही. आईला सांगून टाकलं, हंगाम संपेपर्यंत येणार नाही. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. रस्ता लई घान हाय खरं." मग, "गाडी बरी हाय न्हवं?"
मी कशी आहे ते नाही. गाडी बरी आहे का!

२८ डिसें., रवि.
गाडी स्वच्छ. पार्किंगमध्ये उभी. तरी धुतली. कुठेच न गेलेली गाडी धुताना स्वतःचाच राग आला. दुपारी आडवी झाले, डोळ्याला डोळा नाही. संध्याकाळी भाजी आणायला राजारामपुरीत उगाच गाडी काढली. पार्किंग मिळेना, तशीच परत आणली.
आईचा फोन नाही. माझाही नाही.

३ जाने., शनि.
सुट्टी होती. न सांगता गेले. बाळूशी समोरासमोर भांडायचंच, असं ठरवून.
तो रानात. आईनं भाकरी टाकल्या, जेवायला घातलं, आडवी हो म्हणाली. मी नुसतीच पडून राहिले, तो कधी येतो याची वाट बघत. थोड्या वेळानं बाहेर पाण्याचा आवाज आला. मग घासल्याचा. खसखस, खसखस. हा आवाज माझ्या ओळखीचा. लहानपणी दिवाळीआधी अख्खं घर या आवाजानं भरलेलं असायचं.
खिडकीतून बघितलं.
आई. पदर खोचून गाडीच्या दाराशी उकिडवी बसलेली. शेजारी परातीत चिंचेचा कोळ आणि मीठ. हातात काथ्या. देवघरातला पितळी हंडा घासावा तशी, जीव तोडून, माझ्या गाडीचं दार घासत होती. रानातून आलेला बाळू तांब्यानं पाणी ओतत होता आणि हळूच म्हणत होता, "आई, पुरं आता. आक्का उटंल."
मी बाहेर गेले आणि ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. शेजारच्या दोन बायका दारात आल्या.
आईनं काथ्या परातीत ठेवला. म्हणाली, "मळी निस्त्या पान्यानं निघत न्हाई गं. मीच घासतो ती, ह्यो न्हवं."
मी म्हटलं, मिठानं पत्रा गंजतो.
"माझं पितळ बघ जा. लग्नातलं हाय. कुटं गंजलंय?"
मी विचारलं, कशाला करतेस हे, कुणी सांगितलं तुला?
तर त्या बायकांकडे बघत नाही, माझ्याकडे बघत नाही, गाडीच्या दाराकडे बघून म्हणाली, "जावई हुते तवा गाडी आरशागत असायची. आता तू आलीस की गल्ली वाकून बघती. मानूस गेलं आनि गाडीची रया गेली म्हनत्यात. मला न्हाई ऐकवत ते."
आणि परात घेऊन आत गेली. निघताना दारापर्यंत आली नाही.

४ जाने.
राग गेलेला नाही. आईवर आहे, पण तो तिच्यापर्यंत पोचत नाही, मध्येच कुठेतरी पडतो. त्या बायकांवर आहे. त्यांचे नवरे आहेत, त्यांच्या दारात गाड्या नाहीत, बघायला डोळे तेवढे आहेत. कारखान्याच्या टँकरवर आहे. ह्यांच्यावर पण आहे. गाडी धुवायला शिकवलं नाहीत मला कधी, सगळं स्वतःच केलंत आणि निघून गेलात.
बाळूला फोन केला. म्हटलं, सांगायचं होतंस ना. म्हणाला, "शपथ घातलीती तिनं." म्हटलं, एवढं बोलले तेव्हा तरी? "तू बोल्लीस ते मला बोल्लीस. तिला बोल्ली असतीस तर ती जेवली नसती." मग म्हणाला, "आता बी न्हाई जेवली न्हवं कालपास्नं."

११ जाने., रवि.
गेले. गाडी काळीकुट्ट झाली रस्त्यात. डिक्कीत दोन बादल्या, शांपू, मऊ फडकं. ह्यांचंच.
आई चुलीपुढून उठेना. तिला अंगणात आणून पाटावर बसवलं आणि दाखवलं. आधी पाणी मारायचं, चिखल भिजू द्यायचा, मग फेस, मग दुसऱ्या बादलीतलं स्वच्छ पाणी. रगडायचं नाही. तिनं फेस हातावर घेऊन वास घेतला. "ह्यानं मळी निघती व्हय?" निघते म्हटलं. नाही निघाली. थोडी राहिलीच दाराच्या खाली. ती त्या डागाकडे बघत होती, मी तिच्याकडे बघत होते. शेजारच्या बायका दारात होत्याच.
मी म्हटलं, राहू दे तेवढी.
आई म्हणाली, "बरं." तिच्या बरंचा अर्थ मला ह्या वयातही कळत नाही.
जेवायला घातलं. आडवी हो म्हणाली. झाले. जागी राहायचं ठरवलं होतं, पण झोप लागली. उठले तर ऊन कलंडलेलं, आई चुलीपुढे, बाळू म्हशीकडे. यावेळी ती दारापर्यंत आली आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिली.

१२ जाने.
सकाळी गाडी बघितली. परतीच्या रस्त्यानं नवी घाण लागली आहे, पण त्याच्याखाली, राहिला होता तो डाग नाही. स्वच्छ पांढरं दार. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. वाकून रबरात बोट घातलं आणि जिभेला लावलं.
खारट.
पाईप लावून ते दार बराच वेळ धुतलं. ऑफिसला उशीर झाला. आईला फोन करायला घेतला, नंबर लावला, तिनं उचलला. "पोचलीस न्हवं नीट? गाडी बरी हाय?"
बरी आहे म्हणाले.
आता पुढच्या रविवारी परत, दोन बादल्या घेऊन.